दाजींचे एकसारखे फोटो

जन्माला आलेल्या प्रत्येक माणसाची नोंद दोन ठिकाणी होते. एक चित्रगुप्ताकडे आणि दुसरी भिंगारला, आमच्या दाजींच्या कॉम्प्युटरमध्ये. उद्या दोघांत वाद उभा राहिला तर मी बिनदिक्कत दाजींच्या बाजूने साक्ष देईन. चित्रगुप्ताकडे नुसतं पापपुण्य लिहिलेलं असतं. दाजींकडे फोटो आहे. आणि तोही तुम्ही पंगतीत तिसऱ्यांदा मठ्ठा मागताना काढलेला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. उभा जन्म लष्कराच्या स्टोअरमध्ये कारकुनी केली. तिथून ते रिटायर झाले, पण स्टोअर काही त्यांच्यातून रिटायर झालं नाही. घरातल्या उलथन्यालासुद्धा ठरलेला खिळा. ते चुकून दुसऱ्या खिळ्यावर लटकलं, तर दाजी चौकशी बसवायचे आणि अक्का तेच उलथनं हातात घेऊन साक्ष द्यायची. अक्का गेली त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या. तेव्हापासून उलथन्याकडे कोणी पाहत नाही. दाजींची सगळी शिस्त त्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसली आहे.

त्या यंत्रापुढे बसायचं तर आधी हातपाय धुवायचे. मग अक्काने जुन्या पडद्याचं शिवलेलं झाकण घडी घालून उशीखाली ठेवायचं. मग मशीन सुरू करायचं, ते सुरू होईपर्यंत चहा टाकायचा, प्यायचा आणि कप विसळून जागेवर ठेवायचा. एवढं झाल्यावर पडदा उजळतो आणि समोर फोल्डरांची पलटण सावधान उभी असते. पाहुण्यांना फोटो दाखवतानाही कायदा एकच, मधला फोटो गाळायचा नाही. त्यांचा एक मावसभाऊ मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला आणि फोटो बघत बसला. पाहून उठला तेव्हा मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली होती, असं मी चारचौघांत सांगतो. दाजी म्हणतात, "पाव्हणं, तुमी लई वाढवून सांगता. तिला तवा सातवाच लागला हुता."

सुरुवातीला त्यांनी प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर केलं आणि तिथेच घात झाला. कॉम्प्युटरला मानपान कळत नाही. त्याने आपल्या रीतीने नावं लावली आणि अक्काची सगळ्यात धाकटी जाऊ सगळ्यात वर जाऊन बसली. बेलापूरच्या थोरल्या चुलतीने ते पाहिलं मात्र, हातातला पोह्यांचा घास बशीसकट खाली ठेवला. "मला पार तळाला घातलं व्हय रं? तुज्या लग्नात मी हळद दळली, आन् आता ही कालची पोरगी माज्या डोक्यावर?" दाजींनी परोपरीने सांगितलं की हे मशीनचं काम आहे. चुलती म्हणाली, "मशीन कुनाच्या घरात हाय?" त्याच दुपारी दाजींनी सगळ्या नात्यागोत्याला वयाप्रमाणे आणि मानाप्रमाणे नंबर दिले. आता आमच्याकडे लग्नाची पत्रिका छापायची तर नावांचा क्रम दाजींना विचारूनच छापतात. काही मंडळी तर सहज आल्यासारखं करून आपला नंबर घसरला तर नाही ना, हे बघून जातात. मीही बघतो.

या कॉम्प्युटरची खरी कदर माणूस गेल्यावर होते. दशक्रियेला फ्लेक्स लावायचा आणि घरात फोटो म्हणावा असा एकही नाही, अशी वेळ आली की लोक मोटारसायकल दामटत भिंगारला येतात. एकदा हिवरे बाजारच्या बाजूचा एक जण चुलत्याचा फोटो मागायला आला. दाजींनी क्षणात काढून दिला. लग्नातला, फेटा बांधलेला, झकास. फक्त त्या क्षणी चुलत्याच्या गालात अख्खी जिलेबी होती. फ्लेक्सवर तो गाल चांगला परातीएवढा झाला. दशक्रियेला आलेला जो तो त्याच्याकडे बघून हळहळला, "शेवटी शेवटी तब्येत कशी सुधारली हुती!"

तर असा हा गोतावळा पोटात घेऊन कॉम्प्युटर गच्च भरला. एके दिवशी त्याने जाहीर केलं की आता एकही फोटो आत मावणार नाही. आणि हे नेमकं नातीच्या जावळाच्या वेळेला. नात तिच्या मामाच्या मांडीवर बसून भोकाड पसरलेली, एवढे सुंदर फोटो आणि ते बिचारे फोनमध्येच अडकून राहिले. दाजींची मुलगी, म्हणजे माझी भाची, पुण्याहून आली. म्हणाली, "पप्पा, सगळं क्लाउडवर टाकू." दाजी म्हणाले, "आपल्या नगर जिल्ह्यात आभाळाचा भरवसा कुनी धरलाय का?" मग ती म्हणाली, "निदान मोठी डिस्क तरी आणू." दाजींनी स्टोअरचा नियम काढला. जुना माल निवडून, निकामी तो मोडीत काढल्याशिवाय नव्या जागेची मागणी करायची नाही. नियम त्यांचाच, त्यामुळे पळायला वाट नाही. नातीला आत घ्यायचं तर कुणीतरी बाहेर जायला हवं.

भाचीने एकसारखे फोटो शोधून शेजारी शेजारी मांडणारं काहीतरी कॉम्प्युटरमध्ये घातलं. दाजी खूश झाले. स्वतःच्या अंगठ्याचे फोटो, चपलांचे फोटो, पूर्ण अंधाराचे फोटो त्यांनी धडाधड मोडीत काढले. तेवढ्यात पडद्यावर अक्का आली. एक नाही, पडदाभर. गच्चीवर पाटावर बसून कुरडया घालणारी अक्का, ओळीवर ओळी, सगळी सारखी. दाजींनी नवा कॅमेरा घेतला त्या दिवशीचे हे फोटो. बटणावर बोट ठेवलं आणि उचलायचं त्यांना सुचलंच नाही, म्हणून कॅमेरा आपला काढत सुटला होता.

"पप्पा, हे सगळे सेम आहेत," भाची हळू म्हणाली. "यातला एक चांगला ठेवू. एवढ्यानेच सगळी जागा होईल."

दाजींनी चष्मा पुसला, घातला, परत पुसला. भाचीने माझ्याकडे पाहिलं. "मामा, तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील."

माझं आजवर घरातल्या मांजरानेही ऐकलेलं नाही. तरी मी घसा साफ केला. तेवढ्यात दाजी खुर्चीतून उठले. त्या खुर्चीवर त्यांनी कधी कुणाला बसू दिलं नव्हतं. "पाव्हणं, बसा हितं. त्या बाणाच्या बटणावर बोट ठेवा. आन् उचलू नका."

मी बोट ठेवलं, आणि पडद्यावर अक्का हलली.

अगदी हलली. मान खाली घालून सोऱ्या पिळत होती, ती थांबली. हाताला चीक लागलेला, म्हणून मनगटाने कपाळावरची बट मागे सारली. वर पाहिलं. भुवया वर गेल्या. ओठ उघडले, आणि आवाज नव्हता तरी मला स्वच्छ ऐकू आलं, "अहो, पुरे की आता!" मग रागावायचं ठरवून बसलेला तो चेहरा कडेकडेने सुटत गेला आणि ती पदर तोंडाला लावून हसली.

अक्काचा व्हिडिओ आमच्या कुणाकडेच नाही. कुणी फोन धरला की ती आत निघून जायची. हललेली अक्का जगात एवढीच.

भाची माझ्या खांद्याला धरून उभी होती. "परत," ती म्हणाली. मी परत लावलं. आणखी एकदा लावलं. मग नाक पुसून तिने विचारलं, "पण पप्पा, जागेचं काय?"

दाजींनी खाली वाकून आपल्या निरोप समारंभाचं फोल्डर उघडलं. शाल, श्रीफळ, हारांत बुडालेले दाजी, साहेबांच्या शेजारी दाजी, भाषण करणारे दाजी. "हे काढ मोडीत. ह्या मानसाला रोज आरशात बघतो मी." भाचीने नाही म्हणून पाहिलं. शेवटी शालीचा एक फोटो ठेवून बाकी सगळे काढले आणि त्या जागी नात आपल्या आरडाओरड्यासकट आत येऊन बसली.

एवढं झालं तरी मी खुर्ची सोडली नव्हती. परत बाणावर बोट ठेवून अक्काला हसवत होतो. एकदा बोट जरा जास्त वेळ राहिलं आणि अक्का पडद्यावरून गेली. उरला नुसता पाट, त्याच्याजवळ आडवा पडलेला सोऱ्या आणि उन्हात मांडलेल्या ओल्या कुरडया. दाजींनी झटकन माझ्या हातावर हात ठेवला. "तितं थांबायचं न्हाई, पाव्हणं. एक अलीकडंच थांबायचं. तितं ती जिन्यानं खाली गेल्ती."

"मग हा एक तरी काढून टाकू का?" भाचीने विचारलं. "यात तर कुणीच नाहीये."

दाजी पडद्याकडे वाकले.

"राहू दे," ते म्हणाले. "कुरडया तिनंच घातल्यात."