म्हशीच्या पाठीवर रुतलेला कॅप्टन

शकशूकच्या धक्क्यावर माझी चहाची टपरी आहे आणि टपरीसमोर कारून तळं. दोन्ही माझ्या नवऱ्याच्या आधीपासून होती आणि तो गेल्यावरही राहिली. मला इथं सगळे उम्म रशाद म्हणतात, म्हणजे रशादची आई. रशाद कैरोत लिफ्ट दुरुस्त करतो आणि ईदला येऊन माझ्या चहाला नावं ठेवतो. पण सांगायचंय ते उवेसबद्दल.

उवेस आमच्या धक्क्यावरचा नावाडी. बाप कोळी, आजा कोळी. तळ्यातले मासे कमी होत गेले तशी निम्मी गल्ली जाळी गुंडाळून दुसरीकडे गेली. उवेस गेला नाही. त्यानं नाव निळी रंगवली, आत बायकोच्या उशा टाकल्या, डोक्यावर सोनेरी नांगराची टोपी चढवली आणि एका शुक्रवारी सकाळी जाहीर केलं, "आजपासून मला इतर नावाड्यांसारखं रैस म्हणायचं नाही. कॅप्टन म्हणायचं."

त्याची बायको नजात तेव्हा माझ्याकडे साखर मागायला आली होती. ती म्हणाली, "कॅप्टन, घरी जाताना कोंबड्यांना दाणे टाका. त्या अजून तुम्हाला उवेसच म्हणतात."

थंडीच्या दिवसांत दर शुक्रवारी कैरोची माणसं गाड्या भरभरून आमच्याकडे येतात. त्यांना पाणी बघायचं असतं, नावेत बसायचं असतं, चालायचं असतं आणि गुलाबी पक्षी बघायचे असतात. हे सगळं दुपारच्या जेवणाआधी उरकायचं असतं, कारण बदक आधीच सांगून ठेवलेलं असतं. चालण्यासाठी सुशोभीकरण कमिटीनं काठानं फरशीचा रस्ता केलाय. तीनशे पावलं चाललं की एका बड्या माणसाच्या बंगल्याची भिंत येते आणि रस्ता संपतो. लोक भिंतीला हात लावून परत फिरतात. पक्षी बघायला मनोराही बांधलाय. त्याची खिडकी मोटारी उभ्या करतात त्या बाजूला आहे. उद्घाटनाला तळ्याच्या ऑफिसातले साहेब तिथून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सुंदर."

अशा माणसांना उवेससारखाच कॅप्टन लागतो. पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला की हा नाव थांबवायचा आणि आवाज खाली आणून सांगायचा, "बोलू नका. तो दुआ मागतोय." रोहित पक्षी गुलाबी का, तर म्हणे येताना सुदानात कलिंगडं खातात. मुलं वहीत लिहून घ्यायची, आयाही लिहून घ्यायच्या. तळं किती खोल, असं कुणी विचारलं तर तो आधी माणूस बघायचा. लेकुरवाळ्या बाईला सांगायचा, "गुडघाभर, ताई." नव्या नवरीसोबत आलेल्याला सांगायचा, "चाळीस पुरुष खोल. माझा एक भाऊ अजून खालीच आहे." त्याला भाऊ नाही. आणि बहुतेक ठिकाणी पाणी कमरेएवढं.

वादळात त्यानं म्हणे सात जणांना वाचवलं होतं. दर वर्षी आकडा वाढायचा. मी सांगतेय त्या वर्षी ते एकोणीस झाले होते. एकोणीस माणसं त्या नावेत मावतच नाहीत. मी तसं म्हटलं तर म्हणाला, "म्हणूनच तर बुडत होती!"

आणि टोमणा मात्र सहन व्हायचा नाही. कुणी हसलं की चहा अर्धा टाकून उठायचा. कॉफीखान्यात कुणी त्याला बदकांचा कॅप्टन म्हटलं, तर दोन महिने त्या गल्लीनं गेला नाही. लांबच्या गल्लीनं जायचा आणि तिथल्या कुत्र्याकडून रोज भुंकून घ्यायचा.

त्या वर्षीच्या जानेवारीत, मंगळवारी सकाळी, धक्क्यावर एक लांबलचक काळी गाडी येऊन थांबली. आतून शाकिर पाशा उतरले. पाशा निवृत्त होते, कशातून ते कुणी विचारायचं नसतं. सोबत दोन पाहुणे, आणि तिघांकडे कातडी पेट्या. आता या तळ्यावर शिकारीला बंदी आहे. तशी पाटी आहे आणि पाटीखाली राखणदार हिलाल बसलेला असतो. हिलालनं पेट्या बघितल्या, ताडकन उठून सलाम ठोकला आणि सगळ्यात जड पेटी स्वतः उचलून नावेत नेऊन ठेवली.

पाशांना बदकं नको होती. माझ्याकडे चहा घेता घेता ते पाहुण्यांना सांगत होते, "बायकोनं दिवाणखाना नवा केलाय. सोफे गुलाबी, पडदे गुलाबी. कोपऱ्यात एक पक्षी पेंढा भरून उभा केला की झालं. दोन मिळाले तर दोन. जोडी बरी दिसते."

"दाराशी एकेक," एक पाहुणा म्हणाला.

उवेस हात बांधून उभा होता. एवढा वाकलेला मी त्याला नमाजातसुद्धा बघितला नव्हता. "पाशा, तळं तुमचंच. पक्षी तुमचेच. बेटाच्या मागे थवा उभा आहे, मी तुम्हाला असा जवळ नेतो की हातानं धराल."

"त्या कोंबड्या उडणार नाहीत ना?"

"माझ्यासमोर उडत नाहीत, पाशा. ओळखतात मला."

माझ्या हातातली किटली मी जरा जोरातच आपटली. उवेसनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं पाशांचा हात धरून त्यांना उशीवर बसवलं, बूट ओले होऊ नयेत म्हणून खाली स्वतःचा रुमाल अंथरला आणि वल्ही उचलली. मनात आलं, लोकांना वर्षानुवर्षं ज्यांच्या थापा मारून पोट भरलं, त्यांनाच आज मारायला घेऊन निघालाय आणि तेही रुमाल अंथरून. मी त्याला त्या सकाळी फार वाईट शिवी दिली. मनातल्या मनात दिली, कारण पाशांच्या चहाचे पैसे अजून यायचे होते.

बेटाकडे जायला खुणेच्या काठ्यांमधून वाट आहे. काठ्यांच्या डावीकडे पाण्याखाली चिखलाचा एक लांब उंचवटा आहे, त्याला आम्ही म्हशीची पाठ म्हणतो. वरून काही दिसत नाही, पाणी तसंच चमकतं. पण शकशूकमधलं शेंबडं पोरसुद्धा तिकडे नाव घालत नाही. मी टपरीतून बघत होते. नाव काठ्यांपर्यंत सरळ गेली. मग वारा पाठीवर घेऊन उवेस उभा राहिला, पूर्ण जोर लावून वल्ही मारू लागला आणि नाव डावीकडे वळली. मी ओरडले, पण तेवढ्या लांब काय ऐकू जाणार? नाव पळत गेली आणि एकदम उभी राहिली. एक पाहुणा पुढच्या पाहुण्याच्या मांडीवर जाऊन पडला, तेवढं इथूनही दिसलं.

पुढचं आम्हाला नंतर कळलं, पाशांच्या ड्रायव्हरकडून; परतताना गाडीत पाहुणे बोलले ते त्यानं ऐकलं होतं. उवेसनं कपाळ बडवून घेतलं. बांबू लावून नाव ढकलायला गेला तर ती आणखी आत गेली. तो ओरडत होता, "पाशा, खाली उतरू नका, चिखल माणूस गिळतो!" पाशा अशा लोकांचं ऐकत नसतात. ते बंदूक घेऊन उतरले आणि मांडीपर्यंत गेले. दोघांनी बगलेत हात घालून त्यांना वर ओढलं तेव्हा एक बूट खालीच राहिला आणि बंदुकीच्या नळीत इतका चिखल गेला की तिच्यात कांद्याचं रोप लावता आलं असतं. या सगळ्या आरडाओरड्यानं बेटामागचा थवा उठला. सगळं आभाळ गुलाबी झालं आणि पक्षी पार उत्तरेच्या वाळवंटी काठाला जाऊन बसले.

पाशांनी फोनवरून हिलालला झापलं. हिलाल पळत माझ्याकडे आला. ऑफिसची एक नाव आहे, पण तिची वल्ही कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांकडे आणि साहेब मीटिंगला फय्यूम शहरात. "मग दुसऱ्या कुणाची नाव ने," मी म्हटलं. तो म्हणाला, "लेखी परवानगी लागते, उम्म रशाद. उद्या माझ्यावर यायचं."

सकाळी नवाला रुतलेली नाव दुपार कलताना होणाऱ्या असरच्या अजानपर्यंत तिथंच होती. खायला उवेसकडे एक भाकरी, कांदा आणि नजातनं दिलेलं जुनं खारवलेलं चीज, ज्याच्या वासानं मांजरं गल्ली सोडतात. बारा वाजता पाशांनी नाक मुरडलं. दोन वाजता त्यांनी सगळंच्या सगळं खाल्लं आणि पाहुण्यांना विचारलंसुद्धा नाही. एवढा वेळ उवेस त्यांना वादळाची गोष्ट सांगत होता. एकोणीस जणांची, प्रत्येकाच्या नावानिशी.

शेवटी साहेब परतल्यावर ऑफिसच्या नावेनं त्यांना आणलं तेव्हा सगळं गाव धक्क्यावर होतं. पाशा एका बुटावर उतरले. "गाढवा! तीस वर्षं या तळ्यात काढलीस आणि तुला तळ्यात पाणी सापडत नाही?"

"गाढवच मी, पाशा," उवेस मान खाली घालून म्हणाला. "डोळे गेले माझे."

दुसऱ्याच दिवशी त्याचा नावेचा परवाना काढून घेतला, पूर्ण हंगामासाठी. कारण लिहिलं होतं, 'प्रवाशांच्या जीवाशी खेळ'. कॉफीखान्याला तर सणच लागला. चिखलाचा कॅप्टन, म्हशीचा जावई, काय वाटेल ती नावं ठेवली. कुणी दिसेल तिथं त्याला हात धरून पाण्याच्या खड्ड्याच्या बाजूनं न्यायचं. आणि तो उवेस, जो बदक या शब्दावरून दोन महिने वाट बदलायचा, तो गप्प बसून चहा पीत राहायचा. हसायचासुद्धा.

मला ते काही पटेना. एका दुपारी टपरीत गर्दी कमी झाल्यावर मी त्याच्यासमोर बसले. "खरं सांग. म्हशीची पाठ तुला दिसली नाही?"

"नाही दिसली. म्हातारा झालो."

"काल रस्त्यापलीकडून तुला माझ्या साखरेच्या डब्यातली मुंगी दिसली होती."

"मुंगी मोठी होती."

"उवेस."

त्यानं मागे वळून बघितलं. कोपऱ्यात हिलालचा मेहुणा चिलीम ओढत बसला होता. उवेसनं स्टूल पुढे ओढलं आणि हळू आवाजात बोलला. "एकाला गोळी लागली की बाकीचे या काठाला हंगामभर येत नाहीत. मग शुक्रवारी मी लोकांना काय दाखवू? तुझं तोंड?"

"एवढंच?"

त्यानं बशीतला उरलेला चहा संपवला. "त्यात तो लंगडा आहे ना, अबू सरीअ. सगळ्यात मोठा तोच. पाशानं पहिला तोच उडवला असता."

अबू सरीअ हे त्याच्या सासऱ्याचं नाव. एका लंगड्या रोहित पक्ष्याला त्यानं ते दिलं होतं, कारण दोघंही चालताना सारखेच रुसल्यासारखे दिसायचे. या नावावरून नजातनं एकदा त्याला आठ दिवस कोरडी डाळ खाऊ घातली होती.

"मग सांग की सगळ्यांना!" मी म्हटलं. "केलेलं एकच काम सांगण्यासारखं आहे आणि तेच लपवतोस?"

"सांगू आणि पाशाच्या कानावर जाऊ दे? परवाना गेलाय तो कायमचा जाईल आणि मीही जाईन. चहा दे आणि तोंड बंद ठेव."

मी तोंड बंद ठेवलं. नजातला मात्र मी सांगायच्या आधीच माहीत होतं. ती म्हणाली, "तीस वर्षं हा माणूस घरी येऊन खोटं शौर्य सांगतोय. त्या दिवशी काहीच न सांगता झोपला. तेव्हाच समजले."

त्या हंगामात नाव धक्क्याला उलटी पडून राहिली आणि उवेस लोकांना पायी फिरवू लागला. भिंतीच्या अलीकडून खाली उतरायचं, लव्हाळ्यातून, कच्च्या काठानं तासभर. त्याचे पाय सुजायचे, तो त्या बड्या माणसाच्या भिंतीला रोज नवी शिवी द्यायचा. पण पक्षी नावेपेक्षा तिथून जवळ दिसतात हे लोकांना कळलं आणि त्यालाही. एकदा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आल्या. दुआ मागणाऱ्या पाणकावळ्याचं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "काका, त्याचे पंख भिजतात, म्हणून तो वाळवतो." आणखी चार पक्ष्यांची खरी माहिती त्यांनी सांगितली. उवेस दोन दिवस खरं सांगत फिरला. कुणी वहीत काही लिहून घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी पाणकावळा पुन्हा दुआ मागू लागला.

पाशांच्या दिवाणखान्यात पक्षी आला, असं तोच ड्रायव्हर सांगत होता. बाजारातल्या एका हुशार माणसानं हंसाला गुलाबी रंग देऊन विकला. उन्हाळ्यात रंग सोफ्याला लागला.

पुढच्या थंडीत ऑफिसातले साहेब बदलले आणि परवाना परत मिळाला. नव्या साहेबांनी आल्या आल्या उत्साहानं म्हशीच्या पाठीवर खांब रोवला, त्यावर लाल झेंडा आणि खाली पाटी, 'धोका, नावा रुततात'. आता तिथं रुतलो असं कुणी म्हणालं तर आंधळ्यालाही पटणार नाही. गाव म्हणालं, झेंडा उवेसच्या सन्मानार्थ आहे. उवेस हसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो बांबू घेऊन एकटाच नाव काढून गेला आणि दुपारी चिखलानं माखून परत आला. मी विचारलं, कुठं होतास. चहात चार चमचे साखर घालून घेत म्हणाला, "बेटाच्या पलीकडे आणखी एक उंचवटा सापडलाय. आधीच्यापेक्षा बरा. कुणाला सांगू नकोस."