समोरून शिकलेला हात

वहिनी म्हणजे नक्की कोणाची वहिनी, हे त्या कोट शिवणाऱ्या दुकानात कोणालाच सांगता आलं नसतं. नवऱ्याचा एक मित्र तिथे कामाला होता, त्याने पहिल्या दिवशी "या वहिनी" म्हटलं, महिन्याभरात तो दुसरीकडे निघून गेला आणि ही मात्र सगळ्या दुकानाची वहिनी होऊन बसली. काम इस्त्रीचं. कोट शिवून झाला की आधी तिच्या टेबलावर यायचा, मग हँगरवर जायचा.

दुकान पहिल्या मजल्यावर, एकच लांबट खोली. रस्त्याकडे तीन खिडक्या, आणि मधल्या खिडकीशी स्टुलावर मामा. हे मामाही सगळ्यांचेच मामा. ते काजं करायचे, म्हणजे कोटाच्या बटणांसाठी जी भोकं असतात, त्यांच्या कडा रेशमी दोऱ्याने हाताने शिवायचे. बस्स, एवढंच. माणसाने आयुष्यात दुसरं काही केलं नाही. शर्टाची काजं मशीन खटाखट पाडतं, पण चांगल्या कोटाला काज हातचंच लागतं, आणि मामांचं काज असं की मालक गिऱ्हाइकाला कोट दाखवताना कापड राहू दे बाजूला, आधी काजावर बोट ठेवायचे.

इस्त्रीचं टेबल मामांच्या बरोबर समोर. मध्ये पाच-सहा फूट. इस्त्री तापेपर्यंत उभं राहा, ओलं फडकं फिरवल्यावर वाफ जाईपर्यंत उभं राहा. उभ्या बाईने बघायचं तरी कुठे? मालकांच्या चेहऱ्याकडे बघून दिवस चांगला जात नसे, म्हणून ती मामांच्या हातांकडे बघायची. सुई खालून वर. दोऱ्याचा सुईच्या टोकाला एक वळसा. अंगठ्याने दाबायचं, वर ओढायचं, गाठ कडेवर आली की एक बारीकसा हिसका. करंगळी मधल्यामध्ये दोरा बाजूला धरून ठेवते, हे तर तिला दुसऱ्या वर्षी दिसलं. बाकी कोणाला ते कधीच दिसलं नव्हतं. मामांनाही नाही!

मग ते हात तिच्याबरोबर घरी यायला लागले. बसची वाट बघताना, नळाखाली बादली भरताना, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, ती मनातल्या मनात काज करत बसायची. पहिला टाका, दुसरा टाका, बटण बसतं त्या गोल तोंडाशी आलं की टाके जवळजवळ घ्यायचे, मग वळायचं. बोटं नकळत हलायची. नवरा एकदा म्हणाला, "काय गं, कसला हिशेब चाललाय? माझी पापं मोजतेस का?"

"तेवढी बोटं नाहीत मला," ती म्हणाली.

आता तुम्ही विचाराल, घरात सुई नव्हती का? होती की. पण सुई हातात घ्यायची तिला भीती वाटायची. आत सगळं इतकं छान चाललेलं, हातात घेतलं आणि फजिती झाली तर आतलंही मोडेल. मनातलं काज कधी वाकडं होत नाही ना! म्हणून सहा वर्षं तिने शेकडो काजं केली आणि त्यातलं एकही कोणाला दिसलं नाही.

सहाव्या वर्षी मामा तापाने आडवे झाले. दोन कोट दुसऱ्या दिवशी सकाळी जायचे होते. बाहेरून काजं करून देणारा एक होता, तो गावाला गेलेला. मालक येरझाऱ्या घालायला लागले, आणि वहिनीच्या तोंडून निघून गेलं, "मी करून बघू?"

दुकान हसलं. एक जण तर म्हणाला, "वहिनी, काज करायचंय, इस्त्री नाही फिरवायची त्यावर." तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मालक हसले नाहीत. त्यांना हसायला वेळच नव्हता. त्यांनी कोटाच्या कापडाच्या काही चिंध्या आणि सुई-दोरा तिच्यापुढे ठेवला.

पहिलं काज भयंकर झालं. दुसरंही. सुई बोटात घुसली, दोरा कापसासारखा पिंजला. पण तिसऱ्याला काहीतरी ओळखीचं लागलं. हात कुठे जायचं ते जाणून होता, फक्त जोर किती लावायचा ते त्याला माहीत नव्हतं, आणि जोर काही बघून कळत नाही. पाचव्याला गाठी रांगेत उभ्या राहिल्या. मालक वाकून बघत होते.

"वहिनी, तुम्ही डावऱ्या आहात?"

"छे हो. इस्त्री उजव्या हाताने धरते, दिसत नाही का रोज?"

"मग सुई?"

तिने खाली पाहिलं. सुई डाव्या हातात. तिने समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. मामा समोर बसायचे! त्यांचा उजवा हात तिच्या डाव्या बाजूला. सहा वर्षं ती आरशात बघावं तसं बघत आली होती, आणि जसं दिसलं तसं डाव्या हातात उतरलं. उजव्या हातात सुई घेऊन पाहिली, तर तो हात अगदीच निरक्षर!

ते कोट डाव्या हाताच्या काजांनीच गेले. गाठींचा कल उलट्या बाजूला होता, पण सगळ्यांचा सारखा होता, आणि कोट घालणारा काही काजाशी नाक लावून बसत नाही.

चार दिवसांनी मामा आले. तिने चिंध्या लपवून ठेवल्या होत्या, पण अशा गोष्टी दुकानात लपतात थोड्याच! मामांनी चिंधी खिडकीशी नेली, चष्मा कपाळावर सरकवला.

"हे तू केलंस? कोणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मी? कधी?"

दुसऱ्याची कला न विचारता उचलली म्हणून हा माणूस आता ओरडणार, असं तिला वाटलं. "तुम्ही समोर बसता ना," ती म्हणाली, "मी बघत होते. म्हणून तर डाव्या हाताने येतं."

मामांना हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसे ते इतके हसले की त्यांना उचकी लागली, कोणीतरी पाणी आणून दिलं. मग पंधरा दिवस त्यांनी तिचा हात सुधारायचा खटाटोप केला आणि शेवटी हात टेकले. "राहू दे. हात जे शिकला ते शिकला. पण गाठ उभी राहिली पाहिजे हं, झोपलेली गाठ मला चालायची नाही." आणि उरलेलं, म्हणजे जोर किती, दोऱ्याला मेण किती, हे त्यांनी जवळ बसवून सांगितलं. इस्त्रीला दुसरी बाई आली. वहिनी तिसऱ्या खिडकीशी बसायला लागली. मामांनी तिला नाही म्हटलं असतं तर कोण काय करणार होतं? एक शब्द पुरला असता. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही, हे ती कधी विसरली नाही.

तीन वर्षं अशी गेली. मग एका सकाळी मामा चहाचा कप उचलायला गेले आणि कप उचललाच गेला नाही. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय चालत होता, जीभ चालत होती, जिभेचं तर काही बिघडलंच नव्हतं. उजवा हात मात्र गेला. बोटं जेमतेम मिटायची आणि मिटली की उघडायला वेळ घ्यायची.

मालकांनी स्टूल हलवलं नाही. "जागा तुमचीच आहे," असं घरी येऊन सांगून गेले. मामांनी मान हलवली आणि मालक गेल्यावर भिंतीकडे तोंड केलं. मामी वहिनीला दारात गाठून म्हणाल्या, "जेवत नाहीत गं. काल मला विचारलं, काज नाही तर मी आहे कोण? मी काय सांगू? चाळीस वर्षं संसार केलाय मी त्यांच्याबरोबर."

त्याच आठवड्यात व्यायाम शिकवणारी मुलगी घरी आली. लहानशी, पण जरबेची. ती म्हणाली, डाव्या हाताला शिकवा. आधी दुसऱ्याला करताना बघा, मग डोळे मिटून तेच मनात करा, आणि मगच हाताने. मुलगी गेल्यावर मामा उसळले.

"मनात काज करा म्हणे! मनात जेवलो तर पोट भरेल का? आणि बघू कोणाला? डाव्या हाताने काज करणारं आहे कोण..."

ते मध्येच थांबले. भेटायला आलेली वहिनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मामा," वहिनी म्हणाली, "मी सहा वर्षं मनातच केली काजं. तुमचीच. ती आहेत माझ्याकडे, सगळी डाव्या हातातली. घ्या की परत."

मामी आत निघून गेल्या आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून दुकान सुटलं की वहिनी मामांकडे. पहिल्या दिवशी सवयीने समोर बसली आणि काज करायला लागली. मामा बघत राहिले, आणि त्यांचा निर्जीव उजवा हात मांडीवर बिचारा धडपडायला लागला. "अगं उठ, उठ!" मामा ओरडले. "समोर बसलीस तर मी पुन्हा उजवा होईन! शेजारी ये." मग ती शेजारी बसली, डावीकडे, खांद्याला खांदा लावून. मामांना आपलेच हात दिसायला लागले. तोच वळसा, तोच हिसका. एकदा त्यांनी विचारलं, "ती करंगळी कशाला वाकडी धरतेस?"

"तुम्ही धरता म्हणून."

"मी कधी धरतो?" म्हणाले, आणि डावी करंगळी वाकवून बघायला लागले.

तीन आठवडे सुई द्यायची नाही, असं त्या मुलीने बजावलं होतं. नुसतं बघायचं आणि मनात करायचं. मामा दुपारभर डोळे मिटून पडून राहायचे. मामी हळूच म्हणायच्या, "डोळा लागलाय त्यांचा." लगेच पलंगावरून आवाज, "डोळा नाही लागलेला! तिसऱ्या काजाच्या तोंडाशी आहे. बोलू नकोस, टाका चुकेल." चुकायचाही. चुकला की बायकोवर खेकसायचे, आणि मामींना त्या खेकसण्याचा केवढा आनंद! घरात माणूस परत आल्यासारखं वाटलं त्यांना.

मग सुई. उजव्या हाताला कापड धरवेना, म्हणून मामींनी भाजी चिरायच्या फळीला कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चिंधी घट्ट लावून दिली. पहिल्या दिवशी एक टाका झाला. दुसऱ्या दिवशी एकही नाही. आठव्या दिवशी मामांनी फळी भिरकावली, ती भिंतीवर आपटली. वहिनीचा धीर सुटला होता, पण तिने फळी उचलून आणली, चिमटे गोळा केले आणि म्हणाली, "माझं पहिलं काज याहून वाईट होतं. तुम्ही बघितलं नाहीत, मी ते जाळून टाकलं."

"खरंच?"

"तुमची शपथ."

मामांनी फळी मांडीवर ओढून घेतली. म्हणाले, "सुई ओव. डावीकडून."

पाच महिने लागले. एक दिवस मामा जिना चढून दुकानात आले, मधल्या खिडकीशी बसले. काजाला आधीच्या तिप्पट वेळ लागत होता. वहिनीने त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि दिवसभर तिला दुसरं काही दिसलं नाही. दुपारपर्यंत दोन काजं झाली. संध्याकाळी चार. तिने आपलं काम उसवून पुन्हा तेच शिवलं, घरी जायची वेळ टळावी म्हणून.

शेवटी मामांनी दोरा तोडला आणि कोट टेबलावर ठेवला. मालक काही कामाने आत गेले होते, ते बाहेर आले, कोट उचलला, सवयीने काजांवरून अंगठा फिरवला, गाठींचा कल उलट्या बाजूला लागला. एक, दोन, तीन, चार. मग तिसऱ्या खिडकीकडे वळून म्हणाले, "छान झालाय, वहिनी. पण मामांचा कोट कुठाय? झाला का त्यांचा?"

वहिनीने नुसतं मामांकडे बोट केलं.

मालकांनी कोटाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. इतक्या वर्षांत मामांच्या काजाला कोणी दुसऱ्याचं म्हटलं नव्हतं, त्यामुळे आता स्फोट होणार म्हणून सगळं दुकान श्वास रोखून बसलं. मामा उठून उभे राहिले. डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"ऐकलंस का गं?" ते म्हणाले. "तुझं समजले! माझ्या हातचं काज त्यांना तुझं वाटलं!"