ओट्याचे पैसे

माझं अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीत शाळा सुटली. ही वही कोणी वाचणार नाही, तरी आधीच माफी मागून ठेवते. माफी मागायची आमच्या घरात फार हौस.

म्हणजे आमच्या ह्यांना. घाटकोपरला आमच्या चाळीत शुक्रवारी प्रार्थनासभा भरायची आणि हे उभे राहून साक्ष द्यायचे. कारखान्यात शिडीवरून पडून पाय मोडला, प्लास्टरमध्ये पडून असताना प्रभूने डोळे उघडले, दारू आणि मटका सुटला, अशी ती साक्ष. सुटला हे खरं. पण साक्ष दर वेळी वाढत गेली. आधी शिडी जेमतेम डोक्याएवढी होती, नाताळापर्यंत ती दुमजली झाली. रडायची जागाही ठरलेली. तिथे आले की खिशातून इस्त्रीचा रुमाल निघायचा. इस्त्री मी करायची. बायका माझा हात दाबून म्हणायच्या, "धन्य आहात हो तुम्ही!" मी लाजरी. मान खाली घालून चहा गाळायची.

एक गोष्ट मात्र त्या साक्षीत कधी आली नाही. माहुलची एक कोळीण आमच्या गल्लीच्या तोंडाशी, गटाराच्या कडेला मासळी विकायची. बाजारात छपराखाली ओटा मिळवून देतो असं सांगून ह्यांनी तिचे दोन हजार रुपये घेतले होते आणि मटक्यावर लावले होते. ती तशीच उन्हात बसलेली, आणि हे काखेत पवित्र शास्त्र धरून तिच्यासमोरून जायचे, दुसरीकडे बघत.

एका शुक्रवारी ती भर सभेत दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर टोपली. बायकांनी पदर नाकाला लावले. हे नेमके रडायच्या जागेवर होते. "प्रभूने माझ्या सगळ्या पापांची क्षमा केली!"

"देवानं माफ केलं?" ती म्हणाली. "पैसे काय देवाचे होते, दादा?"

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, सभा चालू आहे. नंतर या."

"नंतर कधी? वर गेल्यावर?"

मागे कोणी तरी फिसकन हसलं. हे म्हणाले, "चांगल्या कामात सैतान आडवा येतोच," आणि मोठ्याने गीत सुरू केलं. मला ह्यांची इतकी किळस आली की त्यापुढे मासळीचा वास बरा वाटला. मी तिला पायरीवर पाणी नेऊन दिलं.

"तू कशाला तोंड पाडतेस गं?" ती म्हणाली.

पुढच्या वर्षी ह्यांचा आवाज बसला तो उठेचना. घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला आणि ह्यांना बोलायची बंदी केली. कॅन्सरच्या धास्तीने हे भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. सभेतले लोक आधी यायचे, मग थांबले. साक्षच नाही तर यायचं कशाला? काही हवं असलं की हे आमच्या मुलीच्या शाळेच्या पाटीवर लिहून दाखवायचे.

एका दुपारी उठून बसले आणि पाटीवर लिहिलं, "कोळणीचे किती?"

आकडासुद्धा लक्षात नव्हता! "दोन हजार," मी म्हणाले. "देवाने माफ करताना सांगितलं नाही का?"

लग्न झाल्यापासून मी अशी पहिल्यांदाच बोलले. हे रडले. रुमाल शोधला नाही, बाहीला नाक पुसलं. कसं दिसतंय याचं भान नव्हतं. तेव्हा मला वाटलं, हे रडणं खरं असेल.

गाठ साधी निघाली. प्रभूने बरं केलं असं लोक म्हणतात. मीही म्हणते. पण बरं केलं ते रिपोर्ट यायच्या आधी, त्या पाटीवाल्या दुपारी.

मग रेडिओ विकला. दर पगाराला हे हप्ता घेऊन कोळणीसमोर जाऊन उभे राहायचे. ती गिऱ्हाइकांना ऐकवायची, "सरका, सरका, पुण्यवान आले!" हे ऐकून घ्यायचे. दुसरीकडे बघत नव्हते. मला मात्र लांबून बघताना दर वेळी बरं वाटायचं. ऐकू दे अजून.

शेवटच्या हप्त्याच्या दिवशी मी बरोबर होते. ह्यांचा आवाज परत आला होता, घोगरा. "मावशी, मला माफ..."

"थांब. आधी मोजू दे."

ओल्या बोटांनी तिने नोटा मोजल्या, उलट्या करून पुन्हा मोजल्या आणि कमरेच्या बटव्यात कोंबल्या.

"फिटले," ती म्हणाली.