सासूबाईंचं लोह

तुम्ही घ्या चहा, मला नको. उपवास नाही, आणि कुणावर रागावलोही नाही. का नको ते सांगतो, फक्त तो कप जरा पलीकडे सरकवा, वास येतो. मी जो पराक्रम केलाय तो ऐकलात तर तुम्हीच म्हणाल, याला चहा विचारायचीसुद्धा गरज नव्हती.

तुम्हाला माहीतच आहे, केजला माझं कृषी सेवा केंद्र आहे. खत, बियाणं, फवारणीची औषधं. शेतकरी पिशवीतून पिवळं पडलेलं पान घेऊन येतो. मी ते उजेडात धरतो, उलटं करतो, थोडा वेळ गप्प बसतो आणि मग औषध सांगतो. यातलं गप्प बसणं सगळ्यात महत्त्वाचं. कोवळी पानं पिवळी असली तर लोह कमी, खालची जुनी पानं पिवळी असली तर नत्र कमी, आणि सगळंच झाड मलूल असलं तर मुळाशी पाणी साचलेलं. जे दुकानदार कुठल्याही पिवळ्या पानाला एकच बाटली देतात त्यांना मी चारचौघांत नावं ठेवतो. हे लक्षात असू द्या.

तर, धोंड्याचा महिना होता. अधिक मास म्हणजे आम्हा जावयांचा महिना. चकलांब्याला सासुरवाडीत धोंडे खायला गेलो. सासूबाई पुरणाच्या धोंड्यांवर तूप वाढत होत्या. आमच्या सासूबाई माझ्याशी थेट बोलत नाहीत. लग्न झाल्यापासून कधीच नाही. पदर पुढे ओढून भिंतीला सांगतात, "पाव्हण्यांला अजून एक वाढा," आणि मग स्वतःच वाढतात. त्या दिवशी वाढताना त्यांचा हात मला पिवळसर दिसला.

आता माझ्यासारख्या माणसाने पिवळं दिसल्यावर नुसतं जेवून उठायचं का? तुम्हीच सांगा.

सासूला हात लावून तपासणं काही शक्य नव्हतं. मी ओसरीतच बसून राहिलो आणि माझ्या बायकोला, सुरेखाला, आत पाठवलं. तिने आईची खालची पापणी ओढून पाहिली आणि आतूनच सांगितलं, "फिक्कट हाय." मी थोडा वेळ गप्प बसलो आणि निकाल दिला, लोह कमी आहे. रक्ताची तपासणी करा असं मेहुणा म्हणत होता. मी म्हटलं, दत्ता, मी रोज हेच करतो.

गेवराईच्या एका मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणल्या. दुकानदार गोळ्या देताना काहीतरी समजावून सांगत होता, पण तेवढ्यात मला फोन आला, म्हणून मी नुसती मान हलवली. मोबाईलवर मात्र मी स्वतः वाचलं, की गोळीच्या जोडीने चहा घेतला तर लोह अंगी लागत नाही. मी म्हटलं जोडीने कशाला, चहाच बंद.

सासूबाईंचा जीव त्या चहात. दिवस बशीतच उगवायचा आणि बशीतच मावळायचा. पण जावयाचा शब्द. त्या भिंतीला म्हणाल्या, "पाव्हणं म्हणायलेत तर न्हाई पेत." संपला विषय.

सासू चहा घेत नाही म्हटल्यावर दत्ताच्या बायकोला तिच्यासमोर घेता येईना. बायको घेत नाही म्हटल्यावर दत्ताला घरात मागता येईना. तो चहासाठी फाट्यावरच्या हॉटेलात जाऊन बसायला लागला. आलेल्या पाहुण्यांना पाणी मिळायचं. दत्ताचे मला येणारे फोन हळूहळू कमी होत गेले. मला वाटलं, शेतीची कामं असतील.

काही आठवडे गेले. एके दिवशी सुरेखा आईशी फोनवर बोलत होती. बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. फोन बाजूला धरून ती हळूच म्हणाली, "आईला काळी व्हायलीय."

"काय काळी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मला समजलं.

मी मोबाईल उघडला. वाचलं. शौचाला काळं होणं म्हणजे पोटात रक्तस्राव असू शकतो, आणि असं आतून रक्त जाऊनही ॲनिमिया होतो, तो प्रकारच वेगळा. मी लगेच निकाल बदलला. म्हटलं, लोह-बिह काही नाही, मुळाशीच गडबड आहे. सुरेखा रडायला लागली. मलाही खरंच भीती वाटली. भिंतीशी बोलत का होईना, त्या माऊलीने मला आजवर कधी उपाशी उठू दिलं नव्हतं.

चकलांब्याला जाऊन सासूबाईंना बीडला न्यायला जीप केली. पुण्याहून मेव्हणी निघाली, परळीहून मावशी निघाल्या, आणि सगळ्यांना फोनवरून काळी होत असल्याचं सविस्तर कळवणारा मी. वाटेत सासूबाईंनी गळ्यातली बोरमाळ काढून सुरेखाच्या हातात ठेवली.  गढी गावाच्या पुढे त्या खिडकीला म्हणाल्या, "मरायच्या आधी एक कप च्या मिळाला असता तर बरं झालं असतं."

बीडच्या डॉक्टरांची शेती केजकडे, त्यामुळे ते मला ओळखत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, सध्या कुठलं औषध चालू आहे का?

खोलीत आम्ही सातजण होतो. सहाजणांनी माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, लोहाच्या गोळ्यांनी काळीच होते, मेडिकलवाल्याने सांगितलं नाही का? मी म्हटलं, सांगितलं असेल. तरी त्यांनी शौचाची आणि रक्ताची तपासणी केली. रक्त कुठूनच जात नव्हतं. दत्ता बाहेर गेला आणि येताना सगळ्यांसाठी चहा घेऊन आला. सासूबाईंनी लागोपाठ दोन घेतले. मला कुणी विचारलं नाही.

खास तपासणीचा रिपोर्ट पुढच्या खेपेला आला. हिमोग्लोबिन जरासं कमी, रक्तपेशी बारीक, पण अंगात लोह भरपूर. थॅलेसेमिया मायनर. जन्मापासूनचं. त्याच्यासकट त्या आयुष्यभर कापूस वेचत होत्या, आणि त्यावर लोहाची काहीच गरज नव्हती. डॉक्टर मला म्हणाले, "ॲनिमिया लोह कमी पडून होतो, बी-बारा कमी पडून होतो, रक्त जाऊन होतो, आणि असा आईबापाकडूनही येतो. तुम्ही पिवळ्या पानाला सरसकट एकच बाटली देता का हो?"

मी थोडा वेळ गप्प बसलो. यावेळी काहीच सुचत नव्हतं म्हणून.

हा प्रकार रक्तातून येतो, तेव्हा मुलांचीही तपासणी करा, डॉक्टर म्हणाले. जावयाचीसुद्धा करा, कारण नवरा-बायको दोघांत असला तर नातवंडांना फार जड जातं. मी सगळ्यांच्या आधी बाही वर केली. म्हटलं, निदान माझा रिपोर्ट तरी या घरात इज्जत राखेल.

दत्ता चांगला निघाला. सुरेखा आणि मेव्हणीही चांगल्या निघाल्या. डॉक्टरांनी माझा कागद उजेडात धरला आणि ते थोडा वेळ गप्प बसले. ते गप्प बसणं मी ओळखतो.

"लोह कमी आहे," ते म्हणाले. "साधा, सरळ, लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया. पुरुषाला उगाच होत नाही. कुठून रक्त जातं का तुमचं?"

मावशी तिथेच होत्या. मेव्हणी होती. सासूबाई बाकावर बसल्या होत्या. मला कित्येक वर्षांची मूळव्याध आहे हे तोवर सुरेखालासुद्धा माहीत नव्हतं. आता ते परळीपर्यंत माहीत आहे.

मूळव्याधीचा इलाज चालू झाला आणि जोडीला लोहाच्या गोळ्या, माझ्या. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की गोळी आणि चहा यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवा. पण बाकावरच्या सासूबाईंनी त्यातलं 'चहा' तेवढं ऐकलं, आणि सुरेखाने आईची बाजू घेतली.

तेव्हापासून रोज सकाळी चकलांब्याहून फोन येतो. सासूबाईंचा. सुरेखाला नाही, भिंतीला नाही, थेट मला.

"पाव्हणं, काळी व्हायली का?"

"व्हायली."

"मंग बेस हाय. च्या पेऊ नका."

एवढं बोलून त्या फोन कानाला तसाच ठेवतात आणि बशीतून भुरका मारतात. तो मला अगदी स्पष्ट ऐकू येतो.