पगाराची ज्वारी

सगळ्या मध्यप्रांत-वऱ्हाडात कोणाच्या घरी किती पैसा येतो आणि तो कुठल्या वाटेने बाहेर पडतो, हे सरकारपेक्षा आमच्या आत्याला जास्त ठाऊक होतं. सरकारला कळवायला तिला सवड नव्हती, एवढंच. भेटलेल्या माणसाला ‘बरं आहे का’ विचारणं म्हणजे तिच्या मते तोंडाची वाफ दवडणं. बरं नसतं तर तो रस्त्यात भेटला कशाला असता? ती सरळ विचारायची, ‘पगार किती?’ शेतकरी असला तर ‘पिकलं किती’ आणि दुकानदार असला तर ‘सुटते किती’. वाशीमचे तहसीलदार एकदा मालेगावी मुक्कामाला आले होते. गावातली शहाणी माणसं हात जोडून उभी, आणि ही बाई डोक्यावरचा पदर सारखा करत पुढे झाली आणि तोच प्रश्न तिने तहसीलदारांना टाकला. बिचारे इतके गोंधळले की त्यांनी खरा आकडा सांगून टाकला. आत्याने डोळे मिटले, ओठ हलवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा काळजीने म्हणाली, “महिन्याले येवढी जवारी! ठेवते कुठी हा मानूस? उंदरं लागतीन ना.”

कारण कोणाचाही पगार ऐकला की ती मनातल्या मनात त्याची ज्वारी करायची. रुपयावर तिचा काडीचा भरवसा नव्हता. रुपया अकोल्यात वेगळा, खामगावात वेगळा, नागपुरात आणखी वेगळा. ज्वारी जाईल तिथे ज्वारीच, असं तिचं म्हणणं होतं. ते खोटं पाडायला अजून मला कोणी भेटलेला नाही. आतोबांचं मालेगावात कापडाचं लहानसं दुकान होतं. एका लुगड्यामागे त्यांना काय सुटतं हे आत्याने गावभर सांगून ठेवलेलं, त्यामुळे गिऱ्हाईक घासाघीस करतच नसे. नफ्यातला आपल्याला पटेल तेवढा भाग कापून उरलेले पैसे गादीवर ठेवी आणि चालू लागे. आतोबा कधी फार वैतागले तर म्हणायचे, अगं, घरातलं घरात ठेवत जा. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं, “पगार का दुखणं हाय लपवायले?” खरं सांगायचं तर लोक दुखणंही तिच्यापासून लपवत नसत. एकदा पगार सांगितल्यावर माणसाकडे लपवण्यासारखं उरतं तरी काय?

तिची दुसरी श्रद्धा म्हणजे तिची पायली. लोखंडी पट्ट्या मारलेलं ते लाकडी माप तिने माहेरून, म्हणजे आमच्या किन्हीराजाहून आणलं होतं. आमच्याकडे धान्य मोजायचं ते शीग लावून, म्हणजे काठावर निमुळती रास चढवून, आणि शिगेवर आणखी एक मूठ टाकून. ती वरची मूठ पडल्याशिवाय घेणारा पायलीला हात लावत नसे. गावागावची मापं तेव्हा सारखी नव्हती हे खरंच; पण आत्याचा त्यावर उपाय असा की जगातली बाकी सगळी मापं चुकलेली आहेत असं धरून चालायचं. परगावी जाताना ती पायलीत लुगडी कोंबायची, वर चटणीचा डबा ठेवायची आणि फडक्यात गाठोडं बांधायची.

आता मुद्द्यावर येतो. आत्या सगळ्यात थोरली, तिच्या पाठीवर माझे वडील, मग नागपूरचे काका, मग अकोल्याचे काका. शेती किन्हीराजाला, सगळ्यांची मिळून एक, आणि कसायचे ती वडील. दरसाल खळं झालं की दोन्ही काकांकडे ज्वारी, डाळ, तूप रवाना व्हायचं. नागपूरचे काका सरकारी कचेरीत साठ रुपयांवर होते, अकोल्याचे कापसाच्या जिनात पस्तिसांवर. तर दोघांनी एकाच वर्षी पत्रं धाडली. नागपूरकर म्हणाले, इथे श्वाससुद्धा विकत घ्यावा लागतो, तेव्हा माझा वाटा वाढवा. अकोलेकर म्हणाले, साठवाला रडतो तर पस्तीसवाल्याने काय करावं, वाटा माझा वाढवा. वडिलांनी दोघांना समजुतीचं लिहिलं आणि प्रकरण चिघळलं. नागपूरचे काका हट्टाला पेटले. माझी जमीन वेगळी काढा, मालेगावच्या एका शेटजींशी बोलणं झालंय, अक्षय तृतीयेला येतो आणि विकून मोकळा होतो, म्हणाले. त्यांचा वाटा म्हणजे विहिरीकडचा तुकडा. तो गेला तर उरलेली शेती नावाचीच. वडील त्या दिवसांत जेवायला बसायचे, भाकरी मोडायचे आणि तशीच ताटात ठेवायचे.

आत्याला हे कळलं तसं तिने गाठोडं बांधलं. आतोबांना म्हणाली, तुमी आता भाकरी थापाले शिका. मला मॅट्रिकच्या निकालाची वाट पाहण्यापलीकडे काही काम नव्हतं, म्हणून सोबतीला मी. वाशीमला गाडीत बसलो. अकोला येईपर्यंत आमच्या डब्यातल्या एकूण एक माणसाची मिळकत तिने ज्वारीत ओतून घेतली होती, आणि ज्याची फारच कमी भरली त्याला चटणी-भाकर बांधून दिली होती.

अकोल्याच्या बाजारात तिने एका रुपयाची ज्वारी घेतली आणि दुकानाच्या पायरीवर बसून आपल्या पायलीने मोजायला लागली. दुकानदाराला वाटलं, मापं तपासायला सरकारनेच बाई धाडली. त्याने न मागता वर दोन मुठी टाकल्या. आत्या खूश. म्हणाली, अकोला बरं आहे, माणसात आहे. पण काकांच्या घरी पाहते तो काय, ओसरीवर पथाऱ्याच पथाऱ्या. कोणाची कोर्टात तारीख, कोणाचा दवाखाना, कोणी नुसताच बैल पाहायला आलेला. आमच्याकडचा जो माणूस अकोल्याला जायचा, तो काकांच्याच घरी उतरायचा, आणि त्याला अमकं आवडतं, तमकं चालत नाही, हेही ठासून सांगायचा. शेजारच्या गावचा एक गृहस्थ तारीख संपून आठवडा झाला तरी निघायचं नाव घेत नव्हता. अकोल्याच्या काकू सकाळी चुलीपुढे बसायच्या त्या दुपारीच उठायच्या. उन्हाळ्यात पाणीही विकतचं. आत्याने काही न बोलता पदर खोचला आणि चार दिवस त्यांच्याबरोबर भाकरी थापल्या. त्या गृहस्थालाही तिने पगार विचारला. तो त्याच संध्याकाळी गेला.

मग नागपूर. तिथे दुकानदाराने पायलीवर काठी फिरवली आणि शीग सपाट केली. आत्या म्हणाली, वरची मूठ? तो म्हणाला, बाई, इथे मूठ विकत मिळते. हे तिने कसंबसं गिळलं. पण पुढे कोपऱ्यावर एक माणूस पेल्याने ताक विकताना दिसला, तेव्हा मात्र ती मटकन ओट्यावर बसली. ताक विकणं म्हणजे आमच्याकडे पाण्याला नाही म्हणण्यासारखं. संत्री तेवढी स्वस्त आहेत, असं मी तिच्या समाधानासाठी म्हणालो. “संत्र्याची भाकर होते काय रे?” असं म्हणून तिने माझं तोंड बंद केलं.

काकांचं घर दोन खोल्यांचं, चकचकीत आणि चिडीचूप. काकूंनी आम्हांला दारात पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. संध्याकाळी काका आले, कोट खुंटीला लावला, पाटावर बसले, तोच आत्याने विचारलं, पगार किती?

काका रागावलेच. म्हणाले, “बाई, इथे कोणी असं विचारत नसतं.”

“मंग काय इचारते?”

काकांनी विचार केला. मग म्हणाले, “काहीच विचारत नाहीत.”

आत्याने पुढचा प्रश्न न टाकता ताट त्यांच्यापुढे ठेवलं. एरवी तिला हे जमत नसे. आणि मग काकाच बोलायला लागले. पगार सांगितला, भाडं सांगितलं, दूध, लाकूड, धोबी, सगळं सांगितलं. समोरचं ताट गार झालं तरी थांबेनात. शेवटी मान खाली घालून म्हणाले, की दोन वर्षांमागे बढती मिळायची होती ती हाताखालच्या माणसाला मिळाली, आणि हे अजून कोणाला माहीत नाही. भाकरी थापणाऱ्या काकूंचा हात थांबला. त्यांनाही ते माहीत नव्हतं. आत्याने त्या दिवशी ज्वारी केली नाही. ताट पुढे सरकवत म्हणाली, “जेव बापू.” कचेरीतला तो मोठा माणूस मुकाट्याने जेवला. काकू त्यांच्या ताटात तूप वाढत होत्या, आणि वाढतच होत्या.

अक्षय तृतीयेला किन्हीराजाच्या ओसरीवर सगळे जमले. शेटजी आलेले, चहा झालेला. वडील खांबाला टेकून जमिनीकडे पाहत बसलेले. आत्या मधोमध पायली उपडी घालून तिच्यावर बसली. कोणाची मिळकत किती, कुठे काय महाग, ताक कोण विकतं, सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, “अकोल्याले भाव कमी, पाव्हणे जास्त. नागपूरले भाव जास्त, पाव्हना एकबी नाई. मंग ज्याच्याकडं खाणारे हायेत त्याले जवारी द्या, अन् ज्याच्याकडं जवारी हाय त्याले खाणारे द्या.”

आता नागपूरचे काका उसळणार, असं आम्ही धरून चाललो होतो. वाटा विकून मोकळा व्हायला आलेल्या माणसाच्या पदरात नुसते खाणारे! पण त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, “येईल कोण?”

आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं. पास झाला तर हा शिकायला, दिवाळीला मी, उन्हाळ्यात पोरं. काकांनी शेटजींकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. शेटजी उठले, जाता जाता आत्याने त्यांना विचारून घेतलंच, या सौद्यात तुम्हांला सुटणार किती होतं. त्यांनी सांगितलं की नाही, मला ऐकू आलं नाही. मी वडिलांकडे पाहत होतो. त्यांनी भाकरीची टोपली पुढे ओढली होती.

मी नागपूरला काकांकडे राहून शिकलो, आणि सांगायला बरं वाटतं, पोटभर खाल्लं. पुढे अमरावतीत नोकरी लागली. आत्या दरसाल पायली घेऊन यायची. उंबऱ्याबाहेरूनच पगार विचारायची, ज्वारी करायची, आणि माझ्या संसारातल्या चुका शोधत चांगली महिनाभर राहायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या दिवसांत वैद्यबुवा नाडी बघत होते तेव्हा त्यांनाही ‘सुटते किती’ विचारून गेली, असं आतोबा सांगतात, आणि सांगताना हसतात, आणि मग हसता हसता उठून आत जातात.

गेल्या महिन्यात माझा पगार वाढला. कचेरीत सगळ्यांनी अभिनंदन केलं. किती वाढला, हे कोणी विचारलं नाही. चांगल्या माणसांत तसं विचारत नाहीत. परतताना धान्याच्या दुकानासमोर थांबलो आणि ज्वारीचा भाव विचारला. लढाईपायी सगळंच चढलेलं. रस्त्यातच डोळे मिटून हिशेब करू लागलो. आत्याला क्षणात यायचा, मला दोनदा करावा लागला. रुपये काकांच्या साठापेक्षा कितीतरी जास्त, आणि ज्वारी मात्र त्यांच्यापेक्षा कमी भरली. उंदीर लागण्याइतकी तर मुळीच नाही. हे आत्ताच्या आत्ता कोणाला तरी सांगावं असं फार वाटलं. झपाझप घरी आलो. बायकोने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, “बरं आहे ना?”

मी म्हणालो, बरं आहे.