हेव्यावरचा लेख

माणूस भेटला की डोळ्यांआधी त्याच्या दातांकडे बघणं. हसताना तोंडावर हात न धरणं. कादंबरी वाचताना त्यातल्या माणसांना मोठ्याने दम देणं, "अगं, सांगून टाक की त्याला एकदाचं!" चहा गार होऊ देणं आणि मग चहालाच बोल लावणं. वादात हरल्यावर समोरच्याला टाळी देणं. दातांच्या रंगांची पट्टी पर्समध्ये बाळगणं, आणि ती कधी भिंतीला, कधी दुधाला, कधी कुणाच्या सदऱ्याला लावून बघणं.

ताईंच्या या सवयी त्याला पाठ होत्या. प्रेम करणाऱ्याला माणूस पाठ होतो म्हणतात. जळणाऱ्याला त्याहून लवकर होतो.

ताई कवळ्या बनवायच्या. दातांचे डॉक्टर जबड्यांचे ठसे पाठवत. ताई त्यावरून प्लास्टरचे साचे काढत, खिडकीपाशी बसून मेणात एकेक दात रोवत. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर एका साप्ताहिकाची कचेरी होती. तो तिथे मुद्रितं तपासायचा. साहित्यात पदवी, वर्गात पहिला. कचेरीत त्याला सगळे 'ऱ्हस्वदीर्घ' म्हणत. ताईही तेच म्हणू लागल्या.

साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर, खाली उजवीकडे, दर आठवड्याच्या सदराची एक चौकट होती. त्याला ती हवी होती. नुसती हवी नव्हती. आपल्या नावाखाली ती छापून आल्याचं त्याने मनातल्या मनात इतक्यांदा पाहिलं होतं, की दुसऱ्या कुणाचं नाव तिथे दिसलं की त्याला छपाईची चूक वाटे. त्याने संपादकांना ललित लेख दिले, कथा दिल्या. संपादक "बघू" म्हणाले. त्यांचं 'बघू' म्हणजे आडात टाकलेला दगड. आवाजसुद्धा येत नसे.

मग एकदा संपादकांच्या कवळीला चीर गेली. ती सांधून घ्यायला ते वर ताईंकडे गेले. खाली आले ते चौकट देऊनच.

"काय बोलते रे बाई! म्हटलं, बोलता तसंच लिहा."

"पण साहेब, त्यांनी कधी..."

"तेच तर! वेलांट्या बघायला तू आहेस की."

दुसऱ्याच्या लेकराचं नाक पुसायचं आणि लेकरू गोड आहे म्हणायचं, असं त्याचं काम सुरू झालं.

ताईंना कशावरही लिहायला आवडे. प्लास्टर घट्ट होताना गरम का होतं. एखादी कादंबरी मध्येच का कंटाळवाणी होते. शेअर कधी घ्यावा. राग आला तर काय करावं. स्वतःच्या सगळ्या खोडी त्यांनी एकेक करून कामाला लावल्या होत्या. एक ऋतू एका खोडीला. ती सुटली तर लेख, नाही सुटली तरी लेख.

आणि त्या चुकायच्या. तोऱ्यात चुकायच्या. जुन्या खिडक्यांच्या काचा खाली जाड असतात, कारण काच हळूहळू ओघळते, असं त्यांनी एकदा ठोकून दिलं. शाळेतल्या एका शिक्षकांचं पत्र आलं: काच ओघळत नाही, पूर्वी काचा मुळातच कमीजास्त जाडीच्या बनत. ऱ्हस्वदीर्घ पत्र घेऊन जिने चढला. पायात जरा जास्तच बळ होतं.

ताईंनी पत्र वाचलं आणि मांडीवर थाप मारली. "बघ की! मी इतकी वर्षं लोकांना सांगत सुटले. थांब, हे पुढच्या लेखात आधी घालते."

त्या लेखाला आजवरची सगळ्यात जास्त पत्रं आली. खाली मान घालून त्याने तीही तपासली. त्याच्या हातून चूक झाली असती तर कुणी टाळी दिली नसती. पण त्याच्या हातून चूक होतच नसे. चूक होईल असं काही त्याने लिहिलंच नव्हतं.

शेअरच्या बाबतीत ताईंचा एक नेम होता. कंपनीची वस्तू वर्षभर वापरायची, मगच तिचा शेअर घ्यायचा. मेण तापवायचा त्यांचा छोटा बर्नर एका लहानशा कंपनीचा होता. वर्षभर तो एकदाही फुसफुसला नाही. ताईंनी शेअर घेतले, लेख लिहिला, वाचकांनी वाहवा केली. पुढे त्या कंपनीच्या मालकाने सगळं गुंडाळून पोबारा केला. बातमी ऱ्हस्वदीर्घानेच आधी वाचली. आता तरी ताईंचं तोंड उतरलेलं दिसेल, म्हणून तो वर गेला.

ताईंचे यजमान दारातच बसले होते. शाळेची बस चालवायचे ते. दुपारी घरी असत. "जा आत," ते म्हणाले, "तुझी ताई सुतकात नाही. नवरा मेला तरी लेख होईल तिचा."

"भाऊजी, काहीतरीच काय!"

आत ताई त्याच बर्नरवर चाकू तापवत होत्या. "बर्नर बघ कसा ढणढण पेटलाय. कंपनी विझली. मी वस्तू वापरून पाहिली रे, माणूस वापरून पाहायचा राहिला."

"पैसे गेले ना, ताई?"

"गेले. रडले पण सकाळी. मग वाक्य सुचलं."

तो जिना उतरला. या बाईचं नुकसानसुद्धा तिच्याच पदरात पडतं, हे त्याला सहन होईना.

त्याच्या कथा त्यांनी मागून घेतल्या होत्या. परत देताना म्हणाल्या, "भाषा झकास. पण तुझ्या माणसांना कधी भूक लागत नाही रे. दाढ दुखत नाही. नुसती खिडकीतून बघतात." त्यावर तो आठवडाभर वर गेला नाही. मग गेला. न जाऊन राहवत नसे, हीच तर खरी पंचाईत होती.

त्या दिवशी ताई काम बाजूला ठेवून त्याची वाटच बघत होत्या.

"ऱ्हस्वदीर्घ, अडलंय. राग झाला, आळस झाला, बढाई झाली. बढाई काही सुटली नाही, ते सोड. आता हेवा घेतलाय. पण मला तो जमेचना."

"जमेना म्हणजे?"

"येईना रे! धाकट्या जावेच्या नव्या घरात जाऊन बसले. म्हटलं, आता येईल. स्वयंपाकघर बघितलं, मोठा कपाटांचा संच बघितला. उलट तिच्या गुडघ्यांची कीव आली, इतकं सगळं पुसणार कोण? ज्याला चांगला येतो असा माणूस हवाय मला." त्यांनी मान तिरपी केली. "तुला कुणाचा हेवा वाटतो का रे? खरं सांग. नाव नाही घालत मी."

त्यांचा चेहरा साफ होता. टोमणा असता तर त्याला तो कळला असता. शब्दांत मुरलेला माणूस तो. टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. याचाही त्याला हेवा वाटला.

उत्तर जिभेवर होतं. तुमचा. एवढंच. ते म्हटलं असतं तर ताईंनी त्याला नक्की टाळी दिली असती, आणि त्याच्या उरातली ही एवढी जुनी ठसठस पुढच्या रविवारी एक मजेदार लेख झाली असती. त्यांच्या नावाने.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.

"सांग हं. घाई नाही. पण लेख तुझ्यावर अडलाय."

त्याने विचार केला नाही. पुढच्या आठवड्यात ताईंनी जुना लेख छापायला दिला. त्याच्या पुढच्याही आठवड्यात जुनाच. जिन्यात भेटल्या की नुसत्या भुवया उंचावत. तो हातातल्या कागदांकडे बघे.

मग एका दुपारी भाऊजी खाली कचेरीत आले. चपला घातलेल्या नव्हत्या. "जरा चला हो वर," ते संपादकांना म्हणाले, "ती उठत नाहीये." ताई खिडकीपाशी बसल्या होत्या. बसल्या जागीच गेल्या होत्या.

निरोपाला माणसं मावेनात. ताईंना कधी न भेटलेले म्हातारे आले होते. ताईंच्याच दातांनी ओठ चावत उभे होते. ऱ्हस्वदीर्घाला रडू येईना. किती माणसं आली ते बघत होता, आणि बघतोय म्हणून स्वतःला शिव्या देत होता.

दोन दिवसांनी संपादकांनी त्याला आत बोलावलं.

"चौकट आता तुझी."

हे वाक्य त्याने इतक्या वेळा मनात ऐकलं होतं. प्रत्यक्षात ते फार लहान निघालं.

"पण आधी हा एक लेख पुरा कर. तिचाच आहे, भाऊजींनी आणून दिला. तिच्या नावाने जाऊ दे. तुला जमेल, तुझं रोजचं बसणंउठणं होतं."

तो आपल्या टेबलाशी आला. ताईंचं अक्षर, वेलांट्या नेहमीसारख्या चुकलेल्या. जावेचं घर होतं, कपाटं होती, गुडघे होते. त्याने सवयीने लाल पेन उघडलं. पहिली वेलांटी दुरुस्त करणार, तेवढ्यात शेवटच्या ओळींवर नजर गेली.

'हेवा मला आला नाही, त्यामुळे तो कसा जातो हे मी सांगू शकत नाही. एका हुशार मित्राला विचारलं आहे. तो विचार करून सांगणार आहे. तोवर'

पुढे कागद कोरा होता. छापखान्यातून माणूस येऊन दारात उभा राहिला. "पान अडलंय हो," तो म्हणाला.