तांबे बाईंची कार्डं

आमच्या शाळेत चित्रकलेच्या मास्तराला काडीची किंमत नाही, हे आधीच सांगून टाकतो. गणिताचा पोर्शन राहिला, घ्या चित्रकलेचा तास. इंग्रजीची चाचणी उरकायची आहे, घ्या चित्रकलेचा तास. तास गेला की मी मागच्या बाकावर जाऊन बसतो आणि दुसऱ्याचं शिकवणं बघतो. इतकी वर्षं हे बघून माझं एक ठाम मत झालं आहे. शिकवणारे पुष्कळ असतात, पण पोरांच्या पोटातलं चुकीचं उत्तर बाहेर काढणारी बाई मी एकच पाहिली. दर्शना तांबे. आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते.

दर्शना चिंचपोकळीची. वडील भिवा तांबे गिरणीत होते, गिरणी गेल्यावर परळच्या एका इस्पितळात वॉचमन झाले. घरात पाच माणसं आणि खोली एक, म्हणून ती चाळीतल्या मंडळाच्या अभ्यासिकेत शिकली. चौथीत असताना तिने कसलंसं उत्तर चुकीचं दिलं. तिच्या तेव्हाच्या बाईंनी ते उत्तर पुन्हा पुन्हा म्हणून वर्गाला हसवलं, वर शेजारच्या वर्गातल्या बाईंना बोलावून त्यांनाही ऐकवलं. "त्यानंतर दहावीपर्यंत मी हात वर केला नाही, सर," असं तिने मला एकदा सांगितलं होतं. "येत होतं तेव्हासुद्धा नाही." हे सांगताना ती हसत होती, पण मला काही हसू आलं नाही.

म्हणून दादरच्या एका प्रशिक्षणात बाकीचे शिक्षक पंख्याखाली डुलक्या काढत असताना ती एकटी टक्क जागी होती. तिथे एक खेळ दाखवला होता. मोठ्या शाळांत म्हणे प्रत्येक मुलाच्या हातात रिमोट असतो, प्रश्न आला की बटण दाबायचं. आमच्याकडे एकेका घरात मिळून एक फोन, तो बाप कामावर घेऊन जातो. पण याच खेळाचा गरिबांसाठीचा प्रकार निघाला होता. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड, त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची नक्षी, प्रत्येकाची वेगळी. चार बाजूंना अ, ब, क, ड. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. बाईंनी आपला फोन वर्गावरून फिरवला की फोन सगळी कार्डं ओळखतो, आणि भिंतीवरच्या पडद्यावर संघांचे गुण चढतात.

कार्डं झेरॉक्सच्या कागदाची, आठवडाभरात त्यांच्या चिंध्या झाल्या. मग ती माझ्याकडे आली. मी घराघरातून जुन्या लग्नपत्रिका जमवल्या आणि त्यांच्या जाड पुठ्ठ्यावर ती चिकटवून दिली. त्यामुळे पोरांच्या हातात पुढून प्रश्नाचं उत्तर आणि मागून कुणाचा तरी शुभविवाह असायचा. अक्षरं मी मुद्दाम बारीक काढली, शेजाऱ्याला दिसू नयेत म्हणून. दर्शनाने तसं बजावलंच होतं.

शुक्रवारी शेवटच्या तासाला उजळणी. संघ राहत्या ठिकाणावरून पाडलेले, म्हणजे चिंचपोकळी, करी रोड, परळ, लालबाग. प्रश्न पडद्यावर आला की आधी संघात कुजबुज. मग ती टाळी वाजवायची. टाळीनंतर चिडीचूप, आणि प्रत्येकाने आपलं कार्ड आपल्या मताने वर करायचं. "मनाला पटलं तेच वर," हे तिचं पालुपद. आणि दर वर्षी पहिल्या दिवशी ती वर्गाला शब्द द्यायची. पडद्यावर फक्त संघाचे गुण दिसतील. कोण चुकलं ते फक्त मला दिसेल, आणि ते या वर्गाच्या बाहेर जाणार नाही.

पोरं हा शब्द धरून चालायची. सगळी नाही. करी रोडच्या संघाचा कप्तान ध्रुव वर्गात पहिला. त्याचे गडी त्याच्या कोपराकडे बघून कार्डं फिरवायचे, आणि ते दर्शनाला कळायचं. पण परळच्या अपूर्वासारखी पोरं खरोखर मनाला पटेल तेच वर करायची. अपूर्वा बऱ्याचदा चुकायची. थंड सरबताच्या ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं ते कुठून येतं, या प्रश्नाला तिने काचेतून झिरपतं हे उत्तर वर केलं होतं. दुसऱ्या दिवशी दर्शनाने घरून कोकम सरबत आणलं, बर्फ घालून, काचेच्या ग्लासात. नाव कुणाचंच घेतलं नाही. सगळ्यांना बोट लावून बघायला सांगितलं. बाहेरचे थेंब स्वच्छ पाण्याचे होते, लाल नव्हते. अपूर्वाने बोट चाटून बघितलं, पुन्हा एकदा चाटलं आणि म्हणाली, "म्हणजे हवेतून आलं की काय?" मी मागच्या बाकावर होतो. चित्रकलेचा तास गेल्याचं मला त्या दिवशी काही वाटलं नाही. नंतर ते सरबत मीच प्यायलो.

आता मीनाक्षीबद्दल सांगायला हवं. मीनाक्षी सावंत आणि दर्शना एकाच वर्षी नोकरीला लागल्या. डबा रोज एकत्र. मीनाक्षीच्या डब्यातला बांगडा दर्शनाचा आणि दर्शनाच्या डब्यातली चवळी मीनाक्षीची, हे इतकं ठरलेलं की दोघींच्या घरी त्या हिशेबाने शिजायचं. दर्शनाची आई गेली तेव्हा मीनाक्षी दहा दिवस तिच्या घरी राहिली होती. खेळातली प्रत्येक गंमत दर्शना पहिल्यांदा तिला सांगायची. कोण कुठे अडतं, कुणाला काय समजावलं, फोनमध्ये पोरांची नावं आणि त्यापुढचे हिरवे-लाल ठिपके कसे साठतात, सगळं. मागच्या जूनमध्ये मीनाक्षी मुख्याध्यापिका झाली, तेव्हा पेढे दर्शनाने वाटले.

जानेवारीत दर्शनाला मतदार याद्यांच्या कामाला जुंपलं. सरकारला कुठलंही काम सुचलं की आधी मास्तर आठवतो. घरोघरी फिरा, नावं तपासा, शाळा गेली उडत. दर्शनाला बाकी कशाची फिकीर नव्हती, खेळ बंद पडू नये एवढंच होतं. तिने मीनाक्षीला खेळाचा पासवर्ड दिला आणि शुक्रवारचा तास तू घे म्हणून सांगितलं. मीनाक्षीने घेतलाही. कार्डं वर होत राहिली, पोरं मनाला पटेल ते वर करत राहिली.

एप्रिलमध्ये नववीच्या पालकांना शाळेत बोलावलं. सगळ्यांना नाही, मोजक्यांना. त्यात अपूर्वाची आई कमल होती. ती इस्पितळात सफाईचं काम करते, रात्रपाळी करून तशीच आली होती. दर्शनाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती लालबागच्या एका इमारतीतून याद्या घेऊन उतरत होती, तेव्हा कमलने तिला खाली गाठलं.

कमलने जे सांगितलं ते असं. मीनाक्षीने पालकांना पडद्यावर एकेका पोराचं नाव काढून दाखवलं. अपूर्वाच्या नावापुढे वर्षभराचे लाल ठिपके. परीक्षेत आम्ही सांभाळून घेतो, पण हे खरं चित्र आहे, दहावीला हिचा निभाव लागणार नाही, असं सांगितलं. शाळेतून दाखला काढून घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा आणि बाहेरून दहावीला बसवा, पोरीवरचा ताणही कमी होईल. हेही वर ऐकवलं.

"बाई, चुकलं तरी चालेल असं तुम्हीच बोल्लेलात ना?" कमल म्हणाली. "पोरगी तुमच्या शब्दावर चुकत राह्यली. ती ध्रुवची टोळी बघून बघून करते, त्यांना कोन काय बोललं नाय."

दर्शनाने तिथल्या तिथे याद्यांची पिशवी वॉचमनच्या खुर्चीत ठेवली आणि शाळेकडे निघाली.

मी त्या वेळी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचा फळा रंगवत होतो. मागच्या वर्षीचा दहावीचा निकाल शंभर टक्के, हे तीन रंगांत लिहायचं होतं. चित्रकला आमच्याकडे अशा कामांना लागते. दार उघडंच राहिलं, कारण दर्शनाला ते लावायचं भान नव्हतं.

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, की तू नावं दाखवलीस?

मीनाक्षी म्हणाली, दाखवली. मग ती समजावू लागली आणि खरं सांगतो, तिचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. पाचवीला मुलं मिळत नाहीत. समोरच्या टॉवरमधली पोरं आपल्याकडे येत नाहीत, चाळीतली इंग्रजीकडे जातात. फाटकावरच्या निकालाच्या बोर्डावर शाळा चालली आहे. तो शंभरावरून खाली आला तर दोन वर्षांत कुलूप लागेल, आणि मग तू कुणाला शिकवशील? परीक्षेच्या मार्कांत कच्चं पोर लपतं, तुझ्या खेळात लपत नाही. "तूच सांगायचीस ना, यात खरं कळतं म्हणून?"

"मी ते तुला मैत्रीण म्हणून सांगत होते," दर्शना म्हणाली.

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. तुझ्या यादीत करी रोडचं एकही पोर नाही, कारण ते बघून करतात. ज्यांनी माझं ऐकलं तेवढीच पोरं तू वेचून काढलीस. यावर मीनाक्षीने चष्मा काढून पुसला. पुसत पुसतच म्हणाली, "मग त्यांना दहावी पास कसं व्हायचं ते कळतं, दर्शना. तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

माझा ब्रश शंभरच्या दुसऱ्या शून्यावर होता. मी तो तिथेच सोडून खाली गेलो. चहा मागवला आणि तो प्यायलो नाही. माणसाचा राग येतो तेव्हा निदान त्याला शिव्या घालता येतात. इथे मीनाक्षीला शिव्या घालाव्यात तर ती दर्शनाच्या आईच्या उशाशी बसलेली डोळ्यांसमोर यायची.

दर्शनाने मे महिना चाळींचे जिने चढण्यात घालवला. जी पोरं यादीत होती त्यांच्या घरी गेली. सह्या करू नका, शाळा असं कुणाला काढू शकत नाही, दहावी मी करून घेते, असं प्रत्येक घरी सांगितलं. काहींनी दारातच ठेवलं. एका बापाने विचारलं, की तुमचा फोन घरी ठेवून आलात ना? दोन मुलांचे दाखले तोवर गेले होते, ते काही परत आले नाहीत. कमलने सहीच केली नव्हती. तिने दर्शनाला चहा दिला, अपूर्वा शाळेत राहील म्हणाली. पण अपूर्वा सगळा वेळ गॅसकडे तोंड करून उभी होती, ती काही वळली नाही.

जून उजाडला. आता दोघी एकत्र डबा खात नाहीत. दर्शना विज्ञानाच्या खोलीत खाते. पहिल्या दिवशी मी तिथे डोकावलो तर चवळी तशीच होती. मी म्हटलं, माझ्याकडे बांगडा नाही पण अंड्याची पोळी आहे. तिने डबा माझ्याकडे सरकवला.

दहावीचा पहिला शुक्रवार. चित्रकलेचा तास अर्थातच गेला होता, मी मागच्या बाकावर. दर्शनाने पासवर्ड बदलला होता. नावंही काढून टाकली होती, आता फोनला फक्त कार्डाचे नंबर माहीत होते, आणि कार्डंसुद्धा तिने तिथेच संघासंघात पिसून वाटली. हे सगळं तिने पोरांना सांगितलं. जे झालं ते माझ्या हातून झालं असंही सांगितलं. पोरांनी ऐकून घेतलं. मोठी माणसं काही सांगायला लागली की पोरं ऐकून घेतात, तसं.

पहिला प्रश्न पडद्यावर आला. कुजबुज झालीच नाही. दर्शनाने टाळी वाजवली.

मला मागून सगळ्यांच्या माना दिसत होत्या. त्या सगळ्या एकाच बाजूला वळल्या, खिडकीजवळ, ध्रुव बसतो तिकडे. ध्रुवने कार्ड वर केलं आणि मग सगळी कार्डं एकेक करत फिरली. पोरांना आता अक्षर दिसायची गरजच नव्हती, कार्ड फिरवताना त्याचा अंगठा किती वळला यावरून त्यांना बाजू कळत होती. तीन प्रश्न झाले. तिन्ही वेळा पडद्यावर चारही संघ हिरवे, पूर्ण गुण. दारात मीनाक्षी उभी होती, फेरीवर आली असावी. तिने हलकेच टाळ्या वाजवल्या आणि पुढे गेली.

चौथ्या प्रश्नाला मी माझ्या पुढच्याच बाकावर बसलेल्या अपूर्वाकडे बघत होतो. तिने ध्रुवच्या आधी कार्ड उचललं, ब वर करून. उत्तर चुकलेलं होतं, पण ते तिचं स्वतःचं होतं. दर्शनाचा फोन तिच्यावरून जाणार एवढ्यात तिची मान खिडकीकडे गेली. हातातल्या हातात तिने कार्ड फिरवलं आणि क वर आणला.

दर्शनाने फोन खाली घेतला. बाकांमधून चालत ती अपूर्वापाशी गेली आणि वाकून, बाकी वर्गाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आधीचं धर ना, बाळा. मला ते बघायचंय."

अपूर्वाने कार्ड दोन्ही हातांनी छातीशी धरलं. नक्षी आत, लग्नपत्रिका बाहेर.

"नको, बाई," ती म्हणाली.